माझ्या अक्षरातलं पत्र

श्री

चामराजपेट, बेंगळूर
७ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,
जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टापायी काल त्या लेखन कार्यशाळेला जाऊन आलो. चार रविवार, दहा ते एक, आमच्या मागच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेचा हॉल. ‘नवोदितांसाठी आणि व्यावसायिकांसाठी’ असं जाहिरातीत होतं, त्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळला. व्यावसायिकांना खुर्च्या, नवोदितांना बाक. खुर्च्यांवर नभोनाट्यं लिहिणारे एक गृहस्थ आणि जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या दोघी बायका. शिकवणारे मधुकरराव पुण्याचे. मी त्यांना सांगितलं की जन्म कारखान्यात नकाशे काढण्यात गेला, पण दोनशे कविता पाठ आहेत. ते म्हणाले, पाठ असणं निराळं, लिहिणं निराळं, आणि बाकाकडे बोट दाखवलं. सत्तराव्या वर्षी मी पुन्हा बाकावर, गुडघे हनुवटीला आणि वही मांडीवर!

तरी खरं सांगू, खडूचा वास आला आणि आपली ती चौथीपर्यंतची मराठी शाळा समोर उभी राहिली. इन्स्पेक्टरसाहेब आलेले, आणि मी ‘डोंगरवाट’ म्हणायला उभा. आपण तिघं त्या दिवशी घरी... असो. तिसऱ्याचं नाव आपल्या पत्रांत यायचं नाही हा नियम माझाच.

आता दोन शंका. जन्मभर तू माझ्या कवितांच्या वेडाला ‘रिकाम्या पोटाची ढेकर’ म्हणत आलीस. मग या कार्यशाळेसाठी तीन पत्रं कशासाठी घातलीस? आणि इथल्या गल्लीतली जाहिरात बेळगावात बसून तुला आमच्याआधी कशी कळली?

दुसरी शंका एका पोरीची. शमिका नाव, चोविसेक वर्षांची, शेजारच्या बाकावर बसते. ती माझ्याकडे पाहत नाही, माझ्या वहीकडे पाहते. मान वाकडी करून माझं अक्षर निरखते, मी पाहिलं की खिडकीबाहेर बघते. कौशल्या म्हणते, तुमचं काय कुणी चोरणार? पण आजकाल भरवसा देता येत नाही.

लोभ आहेच, तो इतका गूढ नसावा, ही विनंती.
तुझा जयसिंग

*

श्री

बेळगाव
१० नोव्हेंबर १९९४

चि. जयसिंगरावास,
पद्मावतीचे अनेक आशीर्वाद.

बाकावर बसवलं म्हणून रुसलास होय? गुडघ्यांना तेल लाव आणि गप बस. जाहिरातीचं म्हणशील तर कुणीतरी बेंगळूरहून आलं होतं, त्याच्या पिशवीतल्या कागदावर वाचली असेन. म्हातारीला नेमकं काय आठवणार?

त्या मुलीबद्दल मात्र तू भलतेच तर्क करतोस. दिसायला कशी आहे? हसते का? तब्येतीनं बरी आहे ना? इंदूरची पोर परक्या गावात एकटी राहते, तिला खानावळीचं जेवण सोसत असेल की नाही देव जाणे. कौशल्येला सांगून चार चकल्या नेऊन दे. चोर म्हणून बघू नकोस, एवढंच माझं मागणं.

मला सध्या झोप कमी लागते. बाकी ठीक. तुझ्या सगळ्या शंकांसकट तुझ्यावर माया करणारी,
अक्का

*

श्री

चामराजपेट, बेंगळूर
१४ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी ‘इंदूर’ हा शब्द कुठेच लिहिला नव्हता. ती इंदूरची हे मलाही कालच कळलं. तुला कसं माहीत?

आता काल काय घडलं ते ऐक. मधुकररावांनी घरातलं एखादं जुनं पत्र आणायला सांगितलं होतं. मी कौशल्येच्या वडिलांचं नेलं, त्यात सगळा पापडांचा हिशेब. मग ती शमिका उठली. म्हणाली, हे पत्र आजोबांना त्यांच्या धाकट्या भावानं लिहिलं होतं, आणि वाचू लागली. ‘सकाळी टोपल्या बाजाराकडे निघाल्या की सगळी पेठ शेवंतीच्या वासानं जागी होते.’ अक्का, माझ्या अंगावर काटा आला. पुढे आपली शाळा, आवारातला पेरू, इन्स्पेक्टरसाहेबांपुढे ‘डोंगरवाट’ एका दमात म्हटल्याची हकिकत, आणि शेवटी ‘तुझा जयसिंग’.

मधुकरराव म्हणाले, ज्यानं हे लिहिलं त्याची जागा खुर्चीवर. तेव्हा पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, पण राहवत नाही. ते इथेच बसलेत.

म्हणजे ती अण्णाची नात. वासुदेवअण्णाची. छत्तीस वर्षांनी माझ्या हातून ते नाव कागदावर उतरलं ते असं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पत्र हातात घेतलं. अक्षर माझं, सही माझी, आणि त्यातला एकही शब्द मी लिहिलेला नाही! वडील गेले तेव्हा अण्णा आला नाही, त्या दिवसापासून त्याची पत्रं मी ‘घेण्यास नकार’ लिहून परत धाडली. हे तुला माहीत आहे, सगळ्या घराला माहीत आहे. मग हे कुणी केलं? ही पोर कशासाठी आली आहे? आणि कबूल केलं होतं म्हणाली, ते कुणापाशी?

एक गोष्ट सांगायची लाज वाटते. मधुकररावांनी हात धरून मला खुर्चीवर नेलं, आणि मी गेलो. नाही म्हणालो नाही. तास संपेपर्यंत त्या खुर्चीवर बसून होतो.

उलट टपाली उत्तर हवं, आणि पिशवीतल्या कागदाची गोष्ट नको.
जयसिंग

*

श्री

बेळगाव
१७ नोव्हेंबर १९९४

चि. जयसिंगरावास,
अनेक आशीर्वाद. ते घ्यावेसे वाटले तर.

मी केलं. तुला अक्षर मी गिरवायला शिकवलं, माझ्याच पाटीवर, हात धरून. ते काढायला मला कष्ट कसले?

वडील गेले त्या साली अण्णाचं मला कार्ड आलं. तार त्याला पाच दिवसांनी मिळाली होती. हे मी तुला तेव्हाही सांगितलं, तू ऐकलं नाहीस. खाली एवढंच होतं, की जयसिंग बरा आहे ना? तू परत धाडलेली पत्रं त्याच्या हातात पडत असतील हे मला सहन होईना. म्हणून तुझ्या नावानं चार ओळी लिहिल्या, आणि कळवलं की तुला लिहिणार नाही असा घरात शब्द दिलाय म्हणून जयसिंग पत्रं माझ्याकडे धाडतो, मी पुढे टाकते. तूही माझ्याच पत्त्यावर लिही. वाटलं होतं, एकदाच. तर त्याचं आठ पानी उत्तर आलं. मग कसं थांबू?

अठ्ठावीस वर्षं लिहीत राहिले, तो जाईपर्यंत. पण सगळंच माझ्या मनचं नव्हतं रे. तू मला जे लिहायचास त्यातलं उचलायची. शेवंतीचं वाक्य तुझंच आहे, जुनी पत्रं काढून बघ. तो गेल्याचं तुला कळवलं तेव्हा तू नुसती अंघोळ केलीस आणि कामावर गेलास, असं कौशल्येनं सांगितलं. मग कुठल्या तोंडानं बोलणार?

आता शमिकाला तिकडे यशवंतपूरजवळ संशोधनाची नोकरी लागली. तिनं तुझ्या नावानं माझ्याकडे पत्र टाकलं, की मी रविवारी या कार्यशाळेला जाते, तिथे याल का घरी येऊ? घरी आली आणि तू दार लावलंस तर? म्हणून तुला तिकडे ढकललं, आणि आपण कोण ते इतक्यात सांगायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. वाटलं, आधी नुसती पोर म्हणून बघशील. तिला अजून वाटतं पत्रं तुझीच.

दोन भाऊ होते मला. एकाला खोटं सांगितलं, दुसऱ्याला सांगितलंच नाही. आता हा उरलेला जातो की राहतो, याची वाट बघत्ये.
अक्का

*

चामराजपेट, बेंगळूर
२१ नोव्हेंबर १९९४

अक्कास,
न. वि. वि.

काल कार्यशाळेला गेलो नाही. दुपारी ती पोर पत्ता विचारत घरी आली. मी कौशल्येला सांगितलं, घरात नाहीत म्हण, आणि मागच्या न्हाणीघरात उभा राहिलो. तासभर बसली होती. कौशल्येनं कॉफी दिली, दोघी हसतानाही ऐकू आल्या. जाताना माझ्या चपलांकडे बघून म्हणाली म्हणे, की आजोबा अनवाणीच गेले वाटतं.

तुला एकच कळवायचं आहे. तुझ्या पत्रात चूक आहे. इन्स्पेक्टरसाहेबांपुढे मी ‘डोंगरवाट’ एका दमात म्हटली नव्हती. तिसऱ्या कडव्यात अडकलो होतो. ‘वळणापाशी थांब जरासा’ म्हणालो आणि पुढचं पुसून गेलं. अण्णा वरच्या वर्गातला, माझ्यामागे खिडकीबाहेर उभा होता. त्यानं तिथून कुजबुजत पुढचं सांगितलं, म्हणून निभावलं. घरी आम्ही बोललो नाही. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

म्हणजे ती हकिकत वाचताक्षणी अण्णाला कळलं असणार की हे मी लिहिलेलं नाही. तुझं खोटं त्यानं ओळखलं होतं. अठ्ठावीस वर्षं तू कुणाला फसवत होतीस? मी त्याला एक ओळही लिहिली नाही, हे कळूनच तो गेला. आता यावर पत्र नको.
जयसिंग

*

श्री

बेळगाव
२४ नोव्हेंबर १९९४

चि. जयसिंग,

नको म्हणालास तरी लिहिते, शेवटी तुझी थोरली आहे. ती हकिकत मी साठ सालच्या पत्रात लिहिली होती. त्यानंतर त्याची शंभरावर पत्रं आली, दर वेळी ‘प्रिय जयसिंग’ अशीच. ओळखलं होतं तर का लिहीत राहिला? मला सांगता येत नाही. पोरीला विचार. एक रविवार उरलाय.

अक्का

*

श्री

चामराजपेट, बेंगळूर
२८ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,
जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. मधुकररावांनी खुर्ची पुढे केली. मी बाकापाशी उभा राहिलो आणि सर्वांसमोर सांगितलं की ते पत्र माझं नाही; माझी थोरली बहीण पद्मावती, वय पंचाहत्तर, शिक्षण मराठी चौथी, राहणार बेळगाव, तिचं ते आहे, खुर्ची तिची. नभोनाट्यवाले हसले. शमिकानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला वाटलं, संपलं. दोन आठवडे मी तिच्यावर संशय घेतला, आणि फसवणूक झाली ती तिची.

मधुकररावांनी विचारलं, मग तुमचं स्वतःचं काय आणलंत? म्हटलं, लिहिलेलं काही नाही, पाठ आहे ते म्हणतो. ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणा, म्हणाले. इतक्या दिवसांत तेही थोडं कन्नड शिकलेत. मी ‘डोंगरवाट’ सुरू केली. दोन कडवी बिनचूक झाली. तिसऱ्यात ‘वळणापाशी थांब जरासा’ म्हणालो आणि थांबलो. विसरलो नव्हतो, अक्का. आवाजच फुटेना.

आणि मागून, अगदी दबक्या आवाजात आलं, ‘मागुन कोणी येते रे’.

मी वळलो. शमिका होती. मान तशीच खाली.

नंतर तिनं सांगितलं, की आमच्याकडे ही ओळ मोठ्यानं म्हणतच नाहीत. अण्णानं तिला लहानपणी शिकवली ती अशीच. पहिला अर्धा भाग मोठ्यानं, मग थांबायचं, कुणीतरी अडकलंय असं समजून वाट बघायची, आणि मग कुजबुजत पुढचं सांगायचं. तिला वाटायचं कविताच तशी आहे. शाळेत तशीच म्हटली म्हणून बाई ओरडल्याही होत्या.

हे लिहितोय तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात आहे. तू सांगितल्याप्रमाणे चकल्या चालल्या आहेत. कौशल्या तिला स्वल्पच खा म्हणते आणि ताट भरते. तुझ्यावर तिचा राग आहे का, विचारलं. म्हणाली, आहे थोडा, पण तो समोर बसून सांगणार.

तेव्हा गाडीनं निघून ये. येताना अण्णाची पत्रं आण, सगळी. माझ्या नावानं आलेली आहेत, ती अजून मला पोचायची आहेत. उत्तरं मी माझ्या हातानं लिहीन. अक्षर तेच असेल. फरक तुला ओळखता आला तर सांग.

मधुकररावांना सांगून ती खुर्ची मी तुझ्यासाठी भिंतीशी लावून ठेवली आहे. तुझ्या मायेला पात्र व्हायला उशीर झाला आहे, तरी धरून ठेव.

तुझा,
या वेळी खराच,
जयसिंग