शुद्ध पाण्यातला पारा

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा विझली! साध्या शुद्ध पाण्यात! मी बनवलेली चाचणीची पट्टी यूव्ही दिव्याखाली निळी चमकायला हवी आणि पाण्यात पारा असला तरच विझायला हवी. या पाण्यात पारा येईल कुठून? प्रयोगशाळेतल्या यंत्रातून गाळलेलं पाणी आहे ते. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर हा विषय सोडून दे." तीन वर्षं घातलीत मी यात. सोड म्हणे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवं पाणी, नवी बाटली, नव्या पट्ट्या. विझल्या. डोकं चालेनासं झालंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या टेबलावरच्या लंबूने माझ्याच पाण्याची नवी बाटली, माझ्याच पट्ट्या घेऊन करून पाहिलं. सगळ्या लख्ख निळ्या! लगेच मी केलं — विझल्या. "तुला बघून लाजतात," म्हणाला. मला काही हसू आलं नाही. पट्टीला माणूस कसा कळेल? की मलाच भलतं दिसतंय? आता स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा उरला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लंबू दिवसभर मागे उभा राहून बघत होता. नुसती अवघडून गेले. शेवटी म्हणाला, "अगं, पाणी ओतायच्या आधी बाटलीचं तोंड अंगठ्याने का पुसतेस?"

मी पुसते? — पुसते! हातमोजे घालायच्या आधी, रोज, नकळत. आई तेलाची बरणी पुसते ना, अगदी तशी.

चांगल्या पाण्यात अंगठा बुडवला, मग पट्टी. विझली.

पण माझ्या अंगठ्यावर पारा कुठला? मी काय घरी थर्मामीटर फोडत बसते? काही सुचेना. सकाळपासून कशाकशाला हात लावला ते आठवत बसले — साबण, कुलूप, जिन्याचा कठडा, चेहऱ्याचं क्रीम.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रीमच! महिन्यापूर्वी ताईने दोन डब्या आणल्या, एक मला दिली. "लाव गं, जरा उजळशील." डबीवर कंपनीचं नावसुद्धा नाही. चिमूटभर पाण्यात कालवलं, तर पट्टी काळीठिक्कर. लंबूने मोठ्या यंत्रावर तपासलं — पाराच, तोही भरमसाट. मॅडमनी चक्क पाठ थोपटली! पट्टी खरी, वेंधळी मी. विषय वाचला! दुपारभर जमिनीवर पाय नव्हते.

८ फेब्रुवारी

कालच्या आनंदात ताईला कळवायचंच राहिलं. आत्ता फोन केला, डबी फेकून दे म्हणून सांगायला. मला बोलूच देईना. "अगं, माझी तर संपलीसुद्धा. बाळाला लावतेय ना रोज — येऊन बघ, कसं गोरं दिसायला लागलंय!"