डॉल्फिनच्या तळ्यातला एलियाहू

१ एप्रिल १९९८, बुधवार

मला एलियाहू हन्नाबी केलं, आम्हा मराठी यहुद्यांचा नवसाला पावणारा नबी. हातात झाडू असताना!

ओम्री म्हणून एक पोरगा आहे, मी झाडतो त्या करमणुकीच्या पार्कातल्या सणासुदीच्या शोंचा डायरेक्टर. पेसाख, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, तोंडावर आलाय. आमच्या लेकीहून, गालितहूनही लहान. सकाळी माझ्यासमोर उभा राहिला, डोकं तिरकं करून बघितलं नि म्हणाला, "अब्राहम, पेसाखच्या शोमध्ये तू नबी." म्हटलं, मी झाडूवाला. तर म्हणतो, इथं सगळी विशीतली पोरं, म्हातारा तू एकटाच, दाढी आम्ही चिकटवू. सफाईचा कंत्राटदार बाजूलाच होता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. फॅक्टरी बंद पडल्यावर चौपन्नाव्या वर्षी मला दारात कोण उभं करत होतं, ते त्याला पक्कं ठाऊक. एन ब्रेरा — इलाज नाही. अलिबागकडून येऊन या यहुद्यांच्या देशात उतरल्यावर मी पहिल्यांदा शिकलो ते हेच दोन शब्द.

घरी येऊन बायकोला, एदनाला सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली. "ज्याचं नाव घेऊन आपण मलिदा करतो, त्याचं सोंग? तमाशात?"

आणि परत कांदा चिरायला लागली, जोरात.

२ एप्रिल

एदना बोलत नाही. ताट मात्र वाढते. आदळून.

५ एप्रिल, रविवार

आज जागा बघितली. पूर्वी तिथं डॉल्फिन नाचवायचे. तळं आता कोरडं, त्यावर फळ्या ठोकून स्टेज केलंय. चारी बाजूंनी पायऱ्यांवर लोक बसणार. म्हणजे तोंड कुठंही करा, अर्ध्या लोकांना पाठच. विंग नाही, पडदा नाही, आत यायला चोरवाट नाही. डोक्यावरून रोलर कोस्टर जातो, आणि तो वळणावर आला की त्यातली माणसं अशा किंकाळ्या मारतात की जीव खाली पडावा.

शोमध्ये एक कुटुंब सेदरच्या, सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाच्या, टेबलाशी बसलेलं. ओदेल म्हणून मुलगी आहे, ती घरची लेक. शेवटी ती रीतीप्रमाणे एलियाहूसाठी दार उघडते नि मी येतो. मला एक पान भाषण — वाळवंट, आशा, येरुशलाइम. पाठ केलं. ओम्री खूश. म्हणाला, लोक रडतील.

७ एप्रिल, मंगळवार

हॉस्पिटलात गालितकडे. सातवा महिना सरत आलाय. याआधी दोनदा पोट पडलं, म्हणून डॉक्टर तिला खाटेवरून उठू देत नाहीत. खिडकीतून पार्किंग दिसतं, बाकी काही नाही. मी मराठीत विचारतो, ती हिब्रूत उत्तर देते. "आब्बा, मी इथं फर्निचर झालेय."

एदनाने नवस बोललाय — पोर सुखरूप हाती आलं की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा, पोहे, नारळ, पाच फळं, सगळी बिरादरी. आता कळलं ताट का आदळतंय. जिन्यात म्हणाली, "मी त्याच्या पाया पडतेय, आणि तुम्ही त्याची दाढी लावून उड्या मारणार. त्याने रागावून पाठ फिरवली तर?"

मला काय हौस आहे का? लहानपणी आजाने मला खंडाळ्याला नेलं होतं, आपल्या अलिबागकडच्या. तिथं खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण आहे. मी त्या खाचेत बोट घातलं होतं. आजाने चापट मारली, मग स्वतःही घातलं. त्याच बोटाने आता त्याची दाढी चिकटवायची. पण हे एदनाला सांगायचं कसं? ती ऐकून घेत नाही, आणि मला बोलता येत नाही.

११ एप्रिल, शनिवार, शाब्बात सुटल्यावर

काल सेदर. आम्ही दोघं आणि जावई रोय. एवढंच. एलियाहूचा पेला एदनाने भरला, दार उघडायला उठली, आणि दाराकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

१२ एप्रिल, रविवार

पहिला दिवस. फजिती!

अख्खा देश पार्कात. सुट्टीचा आठवडा, सगळ्यांच्या पिशव्यांतून मत्सा, म्हणजे सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या, नि उकडलेली अंडी. पायऱ्यांवर बसायला जागा नाही. सकाळच्या खेळाला टोप्या-झालरींची धार्मिक कुटुंबं, ती जरा गप्प होती. दुपारच्यांना ऊन लागलं, पोरं रडायला लागली. मला आत यायला वाट नाही, म्हणून प्रेक्षकांमधूनच यायचं ठरलेलं. दार उघडायच्या आधीच पोरांनी झग्याला धरलं, "एलियाहू! एलियाहू!" एकाने दाढी ओढली. टेबलाशी पोचलो, तोंड उघडलं, "मी वाळवंटातून आलो" — आणि वरून रोलर कोस्टर. परत, "मी वाळवंटातून" — परत किंकाळ्या. समोरच्या बाजूचे हसले. पाठीमागचे ओरडले, "इकडे बघ की!" वीसेक पोरं स्टेजवर चढून टेबलावरचे द्राक्षरसाचे पेले पिऊन गेली.

ओम्री डोकं धरून बसला. मग म्हणाला, भाषण कापतो. एवढ्या मेहनतीने पाठ केलेलं.

१३ एप्रिल, सोमवार

नवी युक्ती. स्टेजखाली जुन्या पंपाची कोठडी आहे. लोक आत सोडायच्या आधी मला तिच्यात घालतात. वर झडप. पोरं झडपेवर नाचतात, उघडली तर पडतील, म्हणून ओम्रीने वरून कडी लावली. गाण्यावर ओदेल येते, पाय आपटते, कडी काढते, मी वर!

लोकांना ते फार आवडलं. आणि मग एक गंमत झाली. मी वर आलो, बोलायला काही उरलेलं नाही, रोलर कोस्टर चाललेला, म्हणून मी गप्प उभा. एक शेंबडी पोर पुढे आली नि म्हणाली, "मला कुत्रा दे." मी म्हटलं, देवाच्या मर्जीने. झालं! पोरांची रांग लागली. सायकल दे. भाऊ नको. आजोबांना बरं कर. ओम्री उड्या मारायला लागला. "हाच शो आहे! लोकांनीच लिहिला!" आता टेबल, गाणी, मिसर, सगळं आटोपतं घेतात नि रांग चालते.

खाली कोठडीत मात्र बसायला एक बादली. अजून माशांचा वास येतो. डोक्यावर हजार पाय. आतून कडी नाही.

१४ एप्रिल

दिवसभर कोठडी, वर, कोठडी, वर. दाढीच्या डिंकाने हनुवटी सोलली.

१५ एप्रिल, बुधवार

कसं लिहू.

दुपारच्या खेळात रांगेत पोरांमागे पोरं. मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतोय, देवाच्या मर्जीने, देवाच्या मर्जीने. मान वर केली तर समोर एदना. डोक्यावर पदर — साडी नेसून आली होती, ती निळी, मलिद्याला नेसते ती. हॉस्पिटलातून परस्पर बस पकडून. मला वाटलं, सगळ्यांसमोर दाढी उपटणार.

तिने हात जोडले. मराठीत म्हणाली, "बाबा, माझ्या गालितचं लेकरू सुखरूप बाहेर काढ."

मला अहो नाही, बाबा म्हणाली. चौतीस वर्षं संसार केलेली बायको. तिला ठाऊक नव्हतं का कोण आहे? होतं. तरीही ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यातून पलीकडे कुणाकडे तरी बघत होती. नेमका तेव्हा रोलर कोस्टर थांबलेला. मी काय म्हणू? नाही म्हणू? म्हटलं, "देवाच्या मर्जीने." आवाज माझा वाटेना.

घरी आलो तर ताट हळूच ठेवलं. पण मी हो म्हणून बसलोय! कुणाच्या वतीने?

१६ एप्रिल, गुरुवार

शेवटचा दिवस, सगळ्यांत मोठी गर्दी. मला कोठडीत घातलं, कडी लागली, पाय यायला लागले. गाणं सुरू झालं नि मध्येच तुटलं. लाउडस्पीकरवर काहीतरी. मग पायांची धाड धाड, सगळी एकाच दिशेने. मग काही नाही.

रोलर कोस्टर थांबला. आठवडाभर त्या किंकाळ्यांना शिव्या घातल्या, आज वाटलं, एक तरी ऐकू येऊ दे. झडप ठोकली. ओरडलो, हिब्रूत, मराठीत. फळीच्या फटीतून उजेडाची एक रेघ, बाकी अंधार. मग धडाम! फळ्यांवरून माती अंगावर पडली.

मला वाटलं, वर कुणी उरलं नाही. या देशात माणूस लगेच तेच समजतो. बादलीवर बसलो नि त्याला हाक मारली. नबीचा झगा घालून नबीला हाक! म्हटलं, एदना म्हणत होती तेच खरं, तू रागावलास. मला यातून काढ, परत तुझी दाढी तोंडाला लावणार नाही. तुझ्या नावाने शपथ. पोरीचं पोर पोरीला दे, माझा राग तिच्यावर काढू नकोस. रडलो. लिहायला लाज कसली.

नंतर पाय परत आले. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मिसर, बेडूक, सगळं. ओदेलने नेहमीसारखा पाय आपटला नि कडी काढली. वर आलो तर हजार माणसं टाळ्या वाजवतायत. कुणाला पत्ताच नाही! सगळ्यांना वाटलं, मीही सगळ्यांबरोबर बाहेर गेलो होतो नि कुणीतरी मला परत आत घातलं. आणि पुढच्या पोराने मला सांगितलं, "मला विमान दे."

बेवारस पिशवी सापडली होती. पोलिसांनी यंत्राने उडवली. आत मत्सा नि अंडी.

मग ऑफिसातल्या बाईने सांगितलं — त्याच वेळी रोयचा फोन आला होता. गालितला कळा सुरू झालेल्या. मी धावलो, झग्यासकट. पोचलो तर कळा थांबल्या होत्या. इंजेक्शन दिलं म्हणे.

१८ एप्रिल, शाब्बात सुटल्यावर

एदनाला शपथेचं सांगितलं. ती लगेच म्हणाली,

"कळा थांबल्या कशामुळे? तुम्ही त्या वेळी त्याच्या कपड्यात उभे होतात म्हणून."

"उभा नव्हतो. खड्ड्यात होतो. आणि कपडे सोडीन म्हटलं म्हणून थांबल्या."

"इंजेक्शनमुळे," रोय म्हणाला. दोघांनीही त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा करायला उठला.

२२ एप्रिल, बुधवार

ओम्रीचा फोन. लोक विचारतायत, तो इच्छा पुऱ्या करणारा म्हातारा परत कधी? म्हणून पुढच्या आठवड्यात इथल्या स्वातंत्र्यदिनालाही तोच शो. म्हटलं, स्वातंत्र्यदिनाला एलियाहूचं काय काम? "कपारा," — इथं लाडाने असंच म्हणतात — "लोकांना तूच हवास." म्हटलं, मला त्यांनी खड्ड्यात विसरलं होतं. तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

एदना म्हणते, जा. गालित मोकळी होईपर्यंत सोडायचं नाही, अर्ध्यात सोडलं तर तो तिलाही अर्ध्यात सोडेल. पहिल्या दिवशी हीच म्हणत होती जाऊ नका! शपथ मोडून गेलो नि काही झालं तर माझ्यामुळे. नाही गेलो नि काही झालं तरी माझ्यामुळे. कंत्राटदार वेगळाच. सगळीकडून कडी. आतून काढायची सोय नाही.

२४ एप्रिल

ती परत बोलत नाही.

२५ एप्रिल, शाब्बात सुटल्यावर

ठरवलं. सोमवारी ओम्रीला हो सांगतो. शपथ माझी मी निस्तरीन, एदनाचा चेहरा बघवत नाही.

२७ एप्रिल, सोमवार

मुलगा! काल सकाळी. फार लवकर, फार लहान. जिवंत आहे. गालित बरी आहे.

त्याला काचेच्या पेटीत ठेवलंय. बाजूला गोल भोकं, तेवढ्यातून हात घालायचा. कपाळावर आठ्या पाडून पडला होता. आतून बाहेरचं काही ऐकू येत नसावं. एदना किती वेळ काचेला कपाळ टेकून उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल, दाढी लावून या. तर मला पुढे ढकललं. "तुम्ही सांगा त्याला, अहो. कोंडल्यावर आत काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक."

भोकातून हात घातला. मराठीत सांगितलं, सगळे बाहेर आहोत रे. कुणी तुला विसरलेलं नाही.

त्याने माझं बोट धरलं. नर्स म्हणाली, सब्बा — आजोबा — वेळ संपली, हात काढा. मी म्हटलं, मला नका सांगू, त्याला सांगा.