पुढच्या सीटवर कुणी बसू नये

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींना झोप लागते ना? आम्ही दोघंही धडधाकट आहोत, आणि तेही तुम्ही पसंत करून दिलेल्या गाडीत रोज बसून, म्हणजे कमालच म्हणायची. (रंग बघून गाडी निवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्या शब्दावर विसंबून ती विकत घेणाराही एकच, तो रोज दाढी करताना आरशात भेटतो.)

झालं असं, की कंपनीने तुमची ही लाडकी गाडी परत बोलावली. कायमची नव्हे, तेवढं माझं नशीब कुठलं! ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरची एअरबॅग सदोष निघाली. टक्कर झाली की तिने माणसाला वाचवायचं, तर ही फुटताना तोंडावर पत्र्याचे तुकडे उडवू शकते म्हणे. मी होतो तसा सर्व्हिस सेंटरला धावलो. तिथल्या बाईंनी गोड हसून मशीनची कॉफी दिली आणि सांगितलं, की नवा भाग यायचाय, तोवर त्या सीटवर कुणाला बसवू नका. मेकॅनिकने वर एक युक्ती सांगितली : सवयीने कुणी बसायला नको म्हणून तिथे एखादी बॅग ठेवत चला. मी माझी ऑफिसची बॅग ठेवू लागलो. पुढच्या खेपेला भाग आला होता, पण दुसऱ्याच मॉडेलचा. मग एकदाचा बरोबर भाग आला, तर तो बसवायचं प्रशिक्षण घेतलेला एकुलता एक माणूस रजेवर! कॉफी मात्र दर वेळी हजर. (साखर हवी का, हे कुणी विचारत नाही.)

तोवर तुमची बहीण मागे. पूर्वी पुढे बसून ती पायाने नसलेला ब्रेक दाबायची. आता मागून माझ्या सीटला पाय रोवते, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला माझा मणका दाबला जातो. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मला जिन्यात गाठून भांडण मिटवून टाकायचा सल्ला दिला. तिच्या ऑफिसच्या वॉचमनने तर कहर केला. तिच्यासाठी अदबीने दार उघडलं आणि मला हातानेच दाखवलं, ड्रायव्हर लोक तिकडे. मी गेलोही. तिथल्या मंडळींनी बाकावर जागा करून दिली आणि मॅडम स्वभावाने कशा आहेत, ते विचारलं. (मी जपून उत्तर दिलं. उगाच नोकरी जायची.)

अखेर भाग बसला. फुकट बसला, वर गाडी धुऊन मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत गाडी दारात आणली, बॅग शेजारी टाकली आणि आरसा नीट करतोय, तोच मागचं दार वाजलं. बाईसाहेब मागे! आता ती चपला काढून पाय वर घेऊन बसते, फायली पसरते, कधी चक्क डुलकी काढते. पूर्वी घरी पोचेपर्यंत तिच्या ऑफिसातली खडान्‌खडा बातमी मला मिळायची, कुणाचं प्रमोशन हुकलं, कुणी कुणाचा डबा संपवला. आता काही म्हणजे काही कळत नाही. त्या बडबडीला मी तुमच्यापाशी किती नावं ठेवली आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. पण दादा, खरं सांगतो, मला करमत नाही हो. आरशात तिचं अर्धं कपाळ दिसतं, त्याच्याशी काय बोलणार?

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
बिनपगारी ड्रायव्हर

ता. क. गाडीबद्दल माझी तक्रार नाही, रंगही चांगला आहे. काम वेगळंच आहे. तिला एकदा सहज फोन करा आणि बोलता बोलता सुचवा, की रोज मागे बसून कंबर धरते. माझं नाव काढू नका. या वयात मी आपण होऊन ‘पुढे ये’ म्हणणं बरं दिसत नाही.

आणखी एक ता. क. (अक्षर ओळखलंच असशील.) दादा, पाकीट चिकटवायला हे माझ्याकडेच देऊन गेले, म्हणून वाचलं. त्या सकाळी मी पुढच्याच दाराशी आले होते रे. काचेतून पाहिलं, तर सीटवर यांची बॅग. म्हटलं, यांना एकटं बसणंच मानवलेलं दिसतंय. ती बॅग अजून तिथेच आहे. फोन जरूर कर, पण मला नको, यांना कर. कंबरेचं राहू दे. बॅग उचलायला सांग.