सातव्या उंदराचा ठिपका

३ जुलै
आले एकदाची! खोली पहिल्या मजल्यावर, खिडकीतून समोरच प्रयोगशाळा. घरी फोन करून सांगितलं, पीएचडी म्हणजे आता चार वर्षं उंदरांची सरबराई. सरांनी काम समजावलं: धातूचा कण स्वतःच्या आत घट्ट धरून ठेवील असं प्रोटीन घडवायचं. ते टोचलं की एमआरआयच्या चित्रात मेंदू लख्ख उजळला पाहिजे आणि दोन दिवसांत लघवीवाटे ते निघून गेलं पाहिजे. स्कॅनर चालवणारे काका मिश्कील. म्हणाले, "इथं घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवायच्या. आणि घाईसुद्धा."

११ मार्च
आठ प्रोटीनं वाया गेली, नववं जमलं! सहा उंदरांना टोचलं, सहाही मेंदू स्वच्छ दिसले. काकांनी स्वतःच्या डब्यातला लाडू दिला.

१५ मार्च
चार दिवस झाले, उजेड जात नाही. उलट एका जागी गोळा होऊन पांढरा ठिपका झालाय. उंदीर झोपत नाहीत, पिंजऱ्याच्या कडेकडेनं फिरत राहतात. सर मात्र खूश. इतकं टिकणारं कुणाला जमलंय, म्हणाले. मलाही बसवत नाही. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या.

१७ मार्च
सातव्या उंदराला आम्ही काहीच टोचलं नव्हतं. तुलनेसाठी त्याच पिंजऱ्यात ठेवला होता. त्याच्याही डोक्यात ठिपका. काकांनी तीनदा स्कॅन केला. बाकीचे सहा त्याला बिलगून होते, तोंडाला तोंड लावून.

१८ मार्च
काकांना गळ घातली, माझंही डोकं बघा. आधी हसले. मग पडद्याकडे बघत खुर्ची पुढे ओढली. शेवटी म्हणाले, "पोरी, हातमोजे घालत होतीस ना?"
घालत होते. रोज.
ठिपका डावीकडे आहे. उजवा हात हलवणाऱ्या भागाजवळ.
सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि विचारलं, रोज एक स्कॅन देशील का.

२० मार्च
काका आले नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन. बाबा कालपासून घरभर फिरतायत — ज्याला त्याला मिठी मारतायत — सोडतच नाहीत. म्हटलं, लांब राहा. किती लांब, तिनं विचारलं. मला काय माहीत!

२१ मार्च
आतून कडी लावलीय. जिन्यात पावलं वाजली की उठून उभी राहते. माणूस हवंसं वाटतं — जवळ — कुणीही. आईचा फोन आला. मी काय बोलले ते तिला कळेना. शब्द तुटतायत —

२२ मार्च, दुपार
आई दारात. मिळेल त्या गाडीनं आलीय. जा म्हटलं. ओरडून म्हटलं. ती म्हणते, "तुझा आवाज ऐकून निघालेय मी. कडी काढ आधी."
डाव्या हातानं लिहितेय. उजवा — मी नाही उचलला — कडीवर —
आई, मागे