सड्यावरची राखण

८ जुलै
पोचलो. मनालीत सहा वर्षं बर्फावर गाडी शिकवली आणि आता बर्फाची शाळा कुठे, तर रत्नागिरीत! पण हातखंब्याजवळच्या या चालकशाळेचे मालक राजेंद्र काही वेडे नाहीत. इथे कातळाच्या पठाराला सडा म्हणतात. पावसात त्यावर असं शेवाळ धरतं की चालत्या माणसाचे पाय वर आणि डोकं खाली. झिजून गोटा झालेले टायर चढवले की सडा काय आणि बर्फ काय. दुपारी गाडी गरागरा फिरवून पाहिली, जीव सुखावला. रात्री जेवायला तिरफळं घातलेला बांगडा होता. दिवस मजेत जाणार.

१० जुलै
शिकणारी मोजकीच पोरं आहेत. सगळ्यांत तयार तेजस्वी. पोफळी गावची. वडील तिथल्या वीजघरात, ही कॉलनीतल्या शाळेची गाडी चालवायची. आता नॉर्वेला बस चालवायला जाणार आहे. कागदपत्रं झाली, इथली घसरणीवरची परीक्षा तेवढी राहिली. स्टिअरिंगवर हात लोण्यासारखे मऊ, पण खोड एकच. गाडी घसरली की ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच बघत बसते. घसरणीवरचा पहिला धडा मी सगळ्यांकडून घोकून घेतला: जिकडे नजर, तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघायचं नाही, जायचं तिकडे बघायचं.

११ जुलै
तेजस्वीची खोड मोडायला एक युक्ती काढली. सड्याच्या टोकाला पाण्याने भरलेली जुनी चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण, आहे. तिच्या अलीकडे, गाडी पोचणार नाही इतक्या लांब, एक बुजगावणं उभं केलं. डोक्याला मडकं, अंगावर डोक्यापासून पाठ झाकणारं, समोरून उघडं पावसाळी इरलं, आमच्याकडे पाठ. त्याच्याकडे न बघता गाडी सावरायची.

खाली दत्ताराम गावकरांची भातशेती आहे. ते वर आले नि म्हणाले, उभा केलाव ना, मग त्याला काम सांगाया हवं. इथे बुजगावण्यापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालतात, काय राखायचं ते सांगतात, आणि कापणी झाली की ज्याने सांगितलं त्यानेच तोंडासमोर उभं राहून ‘तुझी राखण संपली’ म्हणत मोकळं करायचं. नाहीतर ते थांबत नाही म्हणे. माझ्या जिभेला कुठे हाड? हात जोडून मोठ्याने म्हटलं, बा महाराजा, सगळ्यांची नजर खेचून घे, हीच तुझी राखण. पोरांनी ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ दिली. हसून हसून पुरेवाट झाली. दत्ताराम मात्र बुजगावण्याला हात जोडून खाली उतरले.

१४ जुलै
तेजस्वीची गाडी पुन्हा पुन्हा सरळ बुजगावण्याकडेच जाते. आज रडली. म्हणाली, सर, मी बघत नाही, कुणीतरी मला बघायला लावतं. मी रागावलो आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. मीसुद्धा बघितलं. मान आपोआप वळली, अगदी कुणी हनुवटी धरून वळवावी तशी.
इरल्याची उघडी बाजू आता आमच्याकडे आहे. वाऱ्याने फिरलं असेल.

१६ जुलै
राजेंद्रना सांगून जाळून टाकलं. मडकं फोडलं. सुटलो म्हटलं.
जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळलेल्या. भिंतीपलीकडे सडा आहे. कुणाचाच घास तोंडात नीट जाईना. माझाही.

१७ जुलै
पोरं बॅगा भरून गेली. तेजस्वी परीक्षेसाठी थांबली. पोरीने एवढं कष्टाने जमवलंय, आणि आज सकाळी ती खाणीच्या अगदी काठावर सापडली. डोळे पाण्यावर, पापणी लवत नव्हती. ओढून आणली. ती म्हणते, पाण्यावर इरलं उभं आहे.
दत्तारामांकडे गेलो. ज्यानं काम सांगितलान, त्यानंच सोडवाया हवं, म्हणाले. त्याच्याकडे बघून.
मला भीती वाटते. खरंच वाटते.

१८ जुलै
गाडीत बसून लिहितोय. मी नको म्हणत असताना तेजस्वी मागे बसली. खाणीवर मोकळं करायला आलो, पाण्यावर ते दिसलं, आणि काही म्हणायच्या आधीच गाडी तिकडे घसरली. ब्रेक लागला नाही. पुढची चाकं काठाबाहेर आहेत. तेजस्वी मागच्या दाराने उतरून दत्तारामांना आणायला, दोर आणायला धावली. मी हललो तर गाडी जाईल.
मान वर केली की गाडी पुढे सरकते. वहीत बघितलं की थांबते. म्हणून लिहितोय. काहीही —

आवाज आले. मागे दोर बांधतायत. सुटलो बहुतेक —

दत्ताराम ओरडतायत. मला नाही. तिला. बाय, म्होरं जाव नको —

तिच्या चपलांचा आवाज. गाडीच्या बाजूने. पुढे. हाक मारली, ओ देत नाही —

ती त्याच्याकडेच बघतेय.

ते काम मी सांगितलं होतं. तिने नाही —

वर बघतो आता. गाडी सरकली तर सरकली. तेजस्वी, माघारी बघ —

बा महाराजा, तुझी राखण सं