पाठपोट

४ फेब्रुवारी
पाठपोट उडवलं! स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरचा पडदा मी लावला होता तो असा — आधी कागद, मग पाठपोट की एकच बाजू, मग रंग, शेवटी कुठे साठवायचं. माणसाचा हात जसा जातो तसं. आता ते ‘उभयपृष्ठी’ झालंय आणि ‘प्रगत’ नावाच्या कप्प्यात पार तळाला बसलंय. रितेश सरांना पाठपोट गावठी वाटतं म्हणे. सरांच्या बापाने तरी कधी झेरॉक्सवाल्याला ‘उभयपृष्ठी काढ’ म्हटलंय का?

निरोप हर्षदनेच आणला. नवरा त्याच ऑफिसात प्रोग्रामिंगला असल्याचा एवढाच फायदा. म्हणाला, ‘तुझंच बरोबर आहे गं. पण मालक ते.’ तेवढ्यानेही बरं वाटलं.

११ फेब्रुवारी
सरांशी बोलायचं ठरवलं होतं. नाही बोलले. मरू दे.

२ मार्च
शिमग्यात नमन-खेळे करणाऱ्या लवूनानांच्या मंडळाने नमनाची जुनी गाणी आमच्या सॉफ्टवेअरवर स्कॅन केली. मशीनवर त्यांची नात ईशा. नानांच्या वडिलांच्या हातचे सुटे कागद, वाळवीने खाल्लेले. शिमग्याआधी काम उरकलं म्हणून नाना ऑफिसात पेढे देऊन गेले.

९ मार्च
नाना परत आले. छापलेली पानं माझ्यापुढे ठेवली. ‘बाय माजे, गान्याचा तोंड हाय, धड कुठं गेला?’

एकाही कागदाची पाठ नाही. उभयपृष्ठी म्हणजे काय ते ईशाला कळलंच नाही, पोर एकच बाजू काढत गेली. म्हटलं, कागद आणा, परत काढू. नाना म्हणाले, कागद उरलेच नाहीत. देवांची नावं त्यांवर, रद्दीत कशी घालायची? काम झालं म्हणून भाट्याच्या खाडीत विसर्जन केलं. नारळ वाढवून!

थोडी गाणी नानांना पाठ आहेत. बाकीची गेली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१० मार्च
सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मांडणी मृणालीची होती, मंडळाची माफी तिनेच मागावी.’ मी! हर्षद शेजारच्या टेबलावर मान खाली घालून कीबोर्ड बडवत होता. घरी म्हणतो, ‘आत्ता वाद नको, नोकरी जाईल तुझी.’ जाऊ दे. अशी नोकरी टिकवून करायचंय काय? पण माफी मागणार नाही.

१२ मार्च
राजीनामा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. तोंडावर विचारलं — माझा शब्द का काढलात? ते खरंच गोंधळले. ‘मी कुठे काढला? हर्षद म्हणाला, तिचे गावठी शब्द बदलू या, तिला घरी मी समजावतो. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलंय.’

राजीनामा दिला नाही. हर्षद घरी यायच्या आत भात लावायचा की नाही, तेवढंच ठरत नाहीये.