सात वर्षं ठणठणीत

चि. धाकटीस,
रागातच आशीर्वाद.

दोन दिवस पाहुणी आलीस आणि माझ्या लेकाला म्हणालीस, "अरे, सात वर्षं ठणठणीत आहेस, अजून गोळ्या कसल्या गिळतोस?" अगं बये, गोळ्या घेत होता म्हणूनच ठणठणीत होता ना! घर गळत नाही म्हणून कुणी कौलं उतरवतं का?

औषध सुटलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची झोप उडाली. बातम्या सांगणारी बाई आपल्यालाच शिव्या देते म्हणून त्याने रेडिओ बादलीत बुडवला. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून मालकाने त्याला घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनिया आहे, आजोबा. बरं वाटतं म्हणून औषध थांबवायचं नसतं." गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, पण सावरायला या वेळी महिने लागतील.

तुला एवढं फैलावर घेतलं खरं, पण तू गेल्यावर त्याने मला विचारलं होतं, "बाबा, सोडू का?" गोळ्यांनी तो मंदावतो गं. मला तो चौथीतला हवा होता, बाकावर उभा राहून खणखणीत कविता म्हणणारा. मी म्हणालो, "बघ थोडे दिवस सोडून."

काल मी तुझ्या नावाने बोटं मोडत होतो, तर तो शांतपणे म्हणाला, "आत्याचं कोण ऐकतंय, बाबा? तुम्ही म्हणालात म्हणून सोडल्या."

आता हे पत्र कोणत्या तोंडाने टाकू?

तुझ्यावर रागावण्याचा हक्क घालवून बसलेला,
दादा